आठवणीतील सूत्रसंचालक : अमेरिकेतील स्थानिक बालदूरचित्रवाणी आणि स्मृतीची साक्ष

१९५० ते १९८० या तीन दशकांत अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांना आपापला एक विदूषक, शेरीफ, कप्तान किंवा इंजिनचालक होता. तो दररोज ठरलेल्या वेळी त्या शहराच्या दूरचित्रवाणी केंद्रावर अवतरत असे, मुलांशी बोलत असे, वाढदिवसांच्या याद्या वाचत असे, जुने कार्टूनपट दाखवीत असे आणि अधूनमधून पाव, दूध, बिस्किटे, खेळणी यांची भलामण करीत असे. शेजारच्या राज्यातील मुलांना बहुधा त्याचे नावही ठाऊक नसे. राष्ट्रीय जाळ्यांवरील 'हाउडी डूडी' (१९४७–१९६०) किंवा 'कॅप्टन कांगारू' (१९५५–१९८४) यांचा उल्लेख प्रसारमाध्यमांच्या प्रत्येक इतिहासात आढळतो. स्थानिक सूत्रसंचालकांच्या वाट्याला मात्र फार तर एखादी तळटीप आली आहे.

या उपेक्षेचे एक कारण साधनांच्या अभावात आहे. हे कार्यक्रम बहुधा थेट प्रक्षेपित होत. पडद्यावरील चित्राचे फिल्मवर चित्रण करण्याची 'किनेस्कोप' पद्धत खर्चिक होती आणि ती प्रामुख्याने राष्ट्रीय जाळ्यांच्या कामी येई. १९५६ मध्ये अँपेक्स कंपनीने दोन इंच रुंदीची चुंबकीय चित्रफीत बाजारात आणली. परंतु ती इतकी महाग होती की स्थानिक केंद्रे एकच फीत पुसून पुन्हापुन्हा वापरीत. दुपारच्या विदूषकाचे चित्रण जपून ठेवावे असे त्या काळी कोणास वाटण्याचे कारणही नव्हते. परिणामी आज उरले आहे ते थोडेच : वृत्तपत्रांतील कार्यक्रमपत्रिका, काही छायाचित्रे, मोजक्या फिती आणि तेव्हाच्या मुलांच्या आठवणी. टिम हॉलिस यांनी २००१ मध्ये अशा स्थानिक कार्यक्रमांची राज्यवार नोंद करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा या विषयाला प्रथमच काहीसा आकार आला.

आठवणी हे ज्याचे मुख्य साधन आहे अशा इतिहासात एक विसंगती ठळकपणे जाणवते. प्रौढांच्या आठवणींत सूत्रसंचालक अत्यंत स्पष्ट दिसतो. त्याची टोपी, त्याचा आवाज, त्याने घेतलेले आपले नाव, सारे काही. त्याने विकलेल्या वस्तू मात्र तेथे क्वचितच आढळतात. याउलट, त्याच काळातील नियंत्रक आयोगाच्या व सुधारणावादी संघटनांच्या कागदपत्रांत तो प्रामुख्याने विक्रेता म्हणून येतो आणि मुलांना तो का प्रिय होता याचा तेथे फारसा विचार नाही. या दोन साक्षी एकाच माणसाविषयी आहेत. त्यांपैकी कोणतीही खोटी ठरविता येत नाही, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

दुपारची रिकामी वेळ

स्थानिक सूत्रसंचालकाचा जन्म कलेच्या प्रेरणेतून कमी आणि वेळापत्रकाच्या गरजेतून अधिक झाला. १९४८ ते १९५२ या काळात फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने (पुढे 'आयोग') नव्या दूरचित्रवाणी केंद्रांना परवाने देणे थांबविले होते. त्या वेळी सुमारे १०८ केंद्रे कार्यरत होती वा होऊ घातली होती. एप्रिल १९५२ मध्ये ही बंदी उठताच देशभर नवी केंद्रे उभी राहिली. राष्ट्रीय जाळ्यांकडून रात्रीचे कार्यक्रम मिळत. सकाळ, दुपार व शाळा सुटल्यानंतरचे तास मात्र केंद्रांना स्वतःच भरावे लागत.

हे तास भरण्याचे स्वस्त साहित्य चित्रपटगृहांकडून आले. १९५५ पासून 'लिटल रास्कल्स' या नावाने जुने विनोदी लघुपट केंद्रांकडे येऊ लागले. १९५६ मध्ये 'पॉपाय'चे २३४ कार्टूनपट आणि वॉर्नर ब्रदर्सचा जुना कार्टूनसाठा दूरचित्रवाणीसाठी विकला गेला. १९५८ मध्ये 'थ्री स्टूजेस'चे लघुपट आले. हे छोटे तुकडे एकत्र बांधण्यास कोणीतरी हवे होते. त्यासाठी नवा नट नेमण्याऐवजी केंद्रात आधीच पगारावर असलेल्या माणसाला टोपी चढविणे सोयीचे होते. शिकागोचा 'बोझो' साकारणारे बॉब बेल हे डब्ल्यूजीएन केंद्राचे निवेदक होते. फिनिक्सचे लाडमो हे मुळात त्याच केंद्रावरील कॅमेरामन. साधा गणवेश, पुठ्ठ्याचा देखावा, दोन-चार बाहुल्या एवढ्या सामग्रीवर कार्यक्रम उभा राही. संहिता अनेकदा नसेच. या दारिद्र्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. संहिता नसल्यामुळे सूत्रसंचालकाला मुलांशी खरोखरच बोलावे लागले.

पडद्यापलीकडून पाहणारा

लॉस एंजेलिसमध्ये जॉन रोव्हिक हे १९५२ पासून 'शेरीफ जॉन' म्हणून दुपारच्या जेवणाच्या वेळी येत आणि वाढदिवस असलेल्या मुलांसाठी केक व गाणे असा सोहळा करीत. त्याच शहरात १९५४ ते १९६६ या काळात बिल स्टला हे 'इंजिनियर बिल' म्हणून आगगाडीच्या चालकाच्या वेशात मुलांना दूध पिण्याचा खेळ खेळवीत. हिरवा दिवा म्हटले की दूध प्यायचे, लाल दिवा म्हटले की थांबायचे. घराघरांतील मुले एकाच क्षणी पेला ओठांना लावीत व एकाच क्षणी थांबत. प्रेक्षकाने नुसते पाहत बसू नये, त्याच्याकडून काही करवून घ्यावे, ही या कार्यक्रमांची रीत येथे अगदी स्वच्छ दिसते.

या रीतीचे सर्वांत बोलके उदाहरण सिअॅटलचे आहे. तेथील कायरो केंद्रावर फेब्रुवारी १९५८ ते सप्टेंबर १९८१ अशी तेवीस वर्षे ख्रिस वीडिस हे 'जे. पी. पॅचेस' या विदूषकाच्या रूपाने दिसत. शहराच्या कचराभूमीवरील खोपटात राहणारा हा विदूषक स्वतःला त्या कचराभूमीचा महापौर म्हणवीत असे. बॉब न्यूमन यांनी साकारलेली 'गर्ट्रूड' ही त्याची सखी. हे पात्र मूळचे मिनियापोलिसचे होते. वीडिस यांनी ते सिअॅटलला आणले. अर्थात 'आपल्या गावचा' म्हणून जो आठवला जातो, तोही बाहेरगावाहूनच आला होता.

पॅचेसकडे पुठ्ठ्याचा एक खोटा दूरचित्रवाणी संच होता. त्याचे नाव उच्चारले की 'मी तुला पाहतो' असा अर्थ निघे. या चौकटीतून तो घरातील मुलांकडे पाही, वाढदिवस असलेल्या मुलाचे नाव घेई आणि त्याची भेटवस्तू घरात कोठे लपविली आहे तेही सांगे. मूल धावत जाई, आणि भेट खरोखरच तेथे सापडे. पालकांनी आधीच केंद्राला पत्र पाठवून ती माहिती कळविलेली असे. हा चमत्कार विदूषक आणि आईवडील यांनी संगनमताने घडविलेला होता. मुलाच्या दृष्टीने मात्र शहरातील सर्वांत प्रसिद्ध व्यक्तीने त्याला त्याच्या घरात पाहिलेले असे. राष्ट्रीय जाळ्यावरील कोणत्याही कार्यक्रमाला हे साधणे शक्य नव्हते. त्यासाठी पत्र एका दिवसात पोहोचेल इतके केंद्र जवळ असावे लागते. 

शिकागोचा 'बोझोज सर्कस' ११ सप्टेंबर १९६१ पासून भर दुपारी थेट प्रक्षेपित होऊ लागला. बोझो हे पात्र १९४६ मध्ये कॅपिटॉल रेकॉर्ड्सच्या अॅलन लिव्हिंग्स्टन यांनी मुलांच्या ध्वनिमुद्रिकांसाठी निर्माण केले होते. १९४९ मध्ये पिंटो कॉलव्हिग यांनी ते लॉस एंजेलिसच्या पडद्यावर आणले. पुढे लॅरी हार्मन यांनी त्याचे हक्क घेऊन शहराशहरांतील केंद्रांना ते पात्र परवान्याने देण्यास आरंभ केला. त्यामुळे एकाच वेळी अनेक बोझो वावरत होते. शिकागोच्या मुलाला बोस्टनचा फ्रँक अॅव्हरूच यांचा बोझो पाहावयास मिळाला असता, तर तो त्याला तोतया वाटला असता. शिकागोच्या कार्यक्रमात सहा बादल्या ओळीने मांडलेल्या असत. प्रेक्षकांतून निवडलेले मूल त्यांत एकेक चेंडू टाकी; बादली जितकी दूर, तितके बक्षीस मोठे. सहाव्या बादलीत चांदीच्या डॉलरांची रास वाढत जाई. पोस्टकार्डांतून निवडलेल्या, घरी बसलेल्या एका मुलालाही तीच बक्षिसे मिळत. प्रवेशिका विनामूल्य होत्या, परंतु त्यांसाठीची प्रतीक्षायादी एका टप्प्यावर दहा वर्षांपर्यंत लांबली होती. अनेक मुले आपली पाळी येईपर्यंत कार्यक्रमाच्या वयाची राहिलीच नाहीत.

फिनिक्समधील 'वॉलेस अँड लाडमो' (१ एप्रिल १९५४ ते डिसेंबर १९८९) याचा सूर काहीसा वेगळा होता. बिल थॉम्पसन (वॉलेस) आणि लाडिमिर क्वियाटकोव्स्की (लाडमो) यांना १९६० पासून पॅट मॅकमेहन यांची साथ मिळाली. मॅकमेहन यांनी साकारलेला 'जेराल्ड' हा केंद्रप्रमुखाचा लाडावलेला, श्रीमंत भाचा. प्रेक्षकांतील मुले त्याची मनसोक्त हुर्यो उडवीत. केंद्राच्या मालकवर्गाचीच थट्टा केंद्राच्या पैशाने करण्याचा हा प्रकार अनेक वर्षे चालला, ही गोष्ट या कार्यक्रमांना केवळ विक्रीचे साधन मानणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. आणि तरीही या कार्यक्रमाची सर्वांत प्रसिद्ध वस्तू म्हणजे 'लाडमो बॅग' : गोळ्या, वेफर्स, शीतपेय आणि सवलतीच्या चिठ्ठ्या यांनी भरलेली कागदी पिशवी. ती मिळालेली मुले आयुष्यभर ती मिळाल्याचे सांगतात आणि न मिळालेली ती न मिळाल्याचे. पिशवीतील जिन्नस प्रायोजकांचे होते, हा तपशील दोघांच्याही सांगण्यात क्वचित येतो.

विश्वासाची किंमत

प्रायोजकांचा हिशेब साधा होता. जो माणूस मुलाचे नाव जाणतो, त्याने अमुक पाव चांगला म्हटले की मूल आईकडे तोच पाव मागते. जाहिरात वेगळी दाखविण्यापेक्षा ती सूत्रसंचालकाच्या तोंडून वदवून घेणे अधिक परिणामकारक आणि शिवाय स्वस्त होते. वॉशिंग्टनमध्ये १९५९ ते १९६२ या काळात बोझो साकारणारे विलर्ड स्कॉट हे १९६३ मध्ये त्याच शहरात मॅकडॉनल्ड्स उपाहारगृहांच्या जाहिरातींतील पहिले 'रॉनल्ड मॅकडॉनल्ड' झाले. विदूषक तोच, माणूस तोच. मधले कार्टूनपट तेवढे गळून पडले.

या प्रथेवरील वाद पेटला तो मात्र विदूषकावरून नव्हे. 'रॉम्पर रूम' हा बालवर्गाच्या धर्तीवरील कार्यक्रम १९५३ मध्ये बाल्टिमोर येथे बर्ट व नॅन्सी क्लास्टर या दांपत्याने सुरू केला. राष्ट्रीय जाळ्याला तो देण्याऐवजी त्यांनी शहरोशहरी परवाने दिले. प्रत्येक शहराची स्वतःची 'बाई' असे आणि तिला बाल्टिमोर येथे प्रशिक्षण मिळे. कार्यक्रमाच्या शेवटी बाई एका जादूच्या आरशाच्या रिकाम्या चौकटीतून पाहून मुलांची नावे घेत. आपले नाव कधीच घेतले गेले नाही, ही खंत या कार्यक्रमाच्या आठवणींत वारंवार येते. परंतु याच बाई कार्यक्रमाच्या नावाची खेळणीही हातात धरून दाखवीत. ती हॅस्ब्रो कंपनीची होती, आणि १९६९ मध्ये हॅस्ब्रोने क्लास्टर यांची संस्थाच विकत घेतली. विदूषकाचा शब्द मूल कदाचित थट्टेवारी नेईल. शिक्षिकेचा शब्द मात्र आज्ञेसारखा असतो.

१९६८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन येथे पेगी चॅरन आणि त्यांच्या सहकारी मातांनी 'अॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना स्थापन केली. तिच्या पहिल्या लक्ष्यांत 'रॉम्पर रूम' होता. १९७० मध्ये संघटनेने आयोगाकडे अर्ज केला. मुलांच्या कार्यक्रमांत जाहिराती नसाव्यात, सूत्रसंचालकाने कोणत्याही वस्तूचे नाव घेऊ नये आणि प्रत्येक केंद्राने आठवड्याला किमान चौदा तास बालकार्यक्रम दाखवावेत, अशा तिच्या मागण्या होत्या. नॅशनल असोसिएशन ऑफ ब्रॉडकास्टर्स या प्रसारकांच्या संघटनेने पुढील संकट ओळखून आपल्या ऐच्छिक आचारसंहितेत १९७३ च्या आरंभापासून सूत्रसंचालकाने जाहिरात करण्यास मनाई केली. १९७४ च्या धोरणपत्रात आयोगाने जाहिरातींवर संपूर्ण बंदी घालण्याचे नाकारले. उत्पन्न गेले तर कार्यक्रमही जातील, हे त्यामागील कारण होते. सूत्रसंचालकावरील मुलांच्या विश्वासाचा विक्रीसाठी उपयोग करणे मात्र गैर ठरविले गेले.

मुंबई दूरदर्शनवरील 'किलबिल' आठवणाऱ्या मराठी वाचकास या वादाची धार एकदम जाणवणार नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेले ते केंद्र सरकारी होते आणि दूरदर्शनवर जाहिरातींना १ जानेवारी १९७६ पर्यंत स्थानच नव्हते. अमेरिकेत मात्र जाहिरातीवाचून स्थानिक सूत्रसंचालक ही कल्पनाच संभवत नव्हती. पिट्सबर्गच्या सार्वजनिक केंद्रावर १९५४ पासून काम केलेल्या फ्रेड रॉजर्स यांना विक्रीपासून दूर राहता आले. परंतु त्यासाठी त्यांना सार्वजनिक निधीचा आधार लागला आणि १९६८ पासून त्यांचा कार्यक्रम राष्ट्रीय झाला.

अस्त

सूत्रसंचालकाला विक्री करण्यास मनाई होताच स्थानिक प्रायोजकाला त्याच्यात विशेष रस उरला नाही, आणि १९७० च्या दशकात अनेक कार्यक्रम बंद पडले. यावरून सुधारणावाद्यांनीच हे कार्यक्रम संपविले असा आरोप पुढे रूढ झाला. तो अर्धवट आहे. मनाई सर्वांनाच लागू असताना सिअॅटलचा कार्यक्रम १९८१ पर्यंत, फिनिक्सचा १९८९ पर्यंत आणि शिकागोचा २००१ पर्यंत चालला. कारणे आणखीही होती : तयार कार्यक्रमांचे वाढते वितरण, केबलमुळे विभागलेला प्रेक्षक, आणि बातम्यांना मिळणारे अधिक उत्पन्न. ज्या केंद्राला दुपारच्या बातम्यांतून जास्त पैसा मिळत होता, ते केंद्र विदूषकाला फार काळ सांभाळणे कठीणच होते.

पुढील घटनाक्रमात एक कडवट विनोद आहे. ऐच्छिक आचारसंहिता न्यायालयीन दाव्यानंतर १९८२–८३ मध्ये संपुष्टात आली. १९८३ मध्ये मॅटेल कंपनीच्या खेळण्यांवर आधारलेली 'ही-मॅन' ही कार्टूनमालिका थेट केंद्रांना पुरविली जाऊ लागली आणि १९८४ मध्ये आयोगाने जाहिरातींच्या वेळेवरील मर्यादाही काढून टाकल्या. त्या परत येण्यास १९९० चा कायदा व्हावा लागला. सूत्रसंचालकाने हातात खेळणे धरणे निषिद्ध होते. संपूर्ण कार्यक्रमच खेळण्याविषयी असणे मात्र चालत होते. या मालिकांना मुलाचे नाव ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याची आवश्यकताही नव्हती. शिकागोचे केंद्र १९७८ पासून उपग्रहाद्वारे देशभर दिसू लागले होते. बोझो त्यामुळे सर्वत्र पोहोचला. १९८० पासून तो थेट न राहता मुद्रित झाला आणि १९९४ मध्ये रविवारपुरता उरला.

पुराव्याविना टिकलेले प्रसंग

स्मृती विक्रेत्याला विसरते असे वर म्हटले, त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. न घडलेल्या प्रसंगांच्या आठवणींत तो आढळतो.

न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर रेडिओवर १९२८ ते १९४७ या काळात मुलांचा कार्यक्रम करणाऱ्या 'अंकल डॉन' कार्नी यांच्याविषयी एक कथा आजही सांगितली जाते. कार्यक्रम संपला, ध्वनिक्षेपक बंद झाला असे समजून त्यांनी बालश्रोत्यांना शिवी हासडली, ती घरोघरी ऐकू गेली आणि त्यांची नोकरी गेली, अशी ही कथा. प्रत्यक्षात त्यांचा कार्यक्रम १९४७ पर्यंत अबाधित चालला आणि घटनेचा विश्वसनीय पुरावा नाही. १९५० च्या दशकात प्रसारणातील चुकांच्या एका लोकप्रिय ध्वनिमुद्रिकेत हा प्रसंग नव्याने घडवून समाविष्ट केला गेला. तो ऐकलेल्यांपैकी अनेकांनी पुढे आपण मूळ प्रसारणच ऐकले असे सांगितले. बोझोबाबतही अशीच कथा आहे : चेंडू हुकलेल्या मुलाने शिवी दिली, विदूषकाने समज दिली, मुलाने उलट उत्तर केले. ती वेगवेगळ्या शहरांत, प्रत्येक वेळी आपल्याच केंद्रावर घडलेली म्हणून सांगितली जाते. तिचेही चित्रण कोणाजवळ नाही.

एवढ्या कथांचा गाभा एकच असावा हा योगायोग मानणे अवघड आहे. प्रेमळ मुखवट्याआड मुलांविषयी तुच्छता असलेला पगारी माणूस आहे आणि एका बेसावध क्षणी तो उघडा पडतो, हा तो गाभा होय. सूत्रसंचालकाचे प्रेम हे विक्रीसाठी होते की काय, ही शंका मोठ्या झालेल्या प्रेक्षकांस कधीतरी आलीच असणार. जाहिरात म्हणून ती आठवणीत टिकली नाही. विनोदी कथा म्हणून टिकली, असे अनुमान करण्यास जागा आहे. आयोगाच्या १९७४ च्या धोरणपत्रातील युक्तिवाद आणि अंकल डॉनची कथा यांचे म्हणणे त्या अर्थाने फार भिन्न नाही.

यातील एक प्रसंग मात्र खरोखर घडला. डेट्रॉइटमध्ये १९५३ पासून नावारूपास आलेले सूपी सेल्स हे १९६४ पासून न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनईडब्ल्यू केंद्रावर होते. १ जानेवारी १९६५ रोजी कार्यक्रमाच्या अखेरीस काही मिनिटे उरली असता त्यांनी मुलांना सांगितले की, झोपलेल्या आईवडिलांच्या पाकिटांतील दाढीवाल्या माणसांची चित्रे असलेले हिरवे कागद काढून आपल्याला पाठवावेत. तक्रार झाली, सेल्स यांना काही दिवस कामावरून दूर ठेवण्यात आले आणि प्रेक्षकांच्या निषेधानंतर परत घेण्यात आले. किती पैसे आले याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. त्यात खेळण्यातील नोटाच बहुसंख्य होत्या असे स्वतः सेल्स सांगत. जे काम प्रायोजक वर्षानुवर्षे पाव आणि खेळणी यांच्या आडून करीत होते, तेच सेल्स यांनी वस्तूचा आडपडदा न ठेवता थट्टेने करून दाखविले. आणि शिक्षा झाली ती एवढ्याच प्रसंगासाठी.

याच सेल्स यांच्या नावावर पुढे कित्येक अश्लील विनोद चढविले गेले. ते आपण लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकल्याचे शपथेवर सांगणारे प्रौढ त्यांना आयुष्यभर भेटत राहिले. तसे चित्रण दाखविणाऱ्यास मोठी रक्कम देण्याची तयारी सेल्स यांनी अनेकदा जाहीर केली. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ती रक्कम मागण्यास कोणीही आले नव्हते.